सुपारी हलत नाही

रेवदंड्यात राहून 'मी कोळी पाळलाय' असं सांगायची सोय नाही. इथं कोळी म्हणजे बंदरावरची माणसं. आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या मावशींना मी एकदा उत्साहाच्या भरात हे वाक्य ऐकवलं, तर त्या म्हणाल्या, "पाळ की. दोन वेळचं जेवण नीट दे म्हणजे झालं." तेव्हापासून मी 'स्पायडर' म्हणतो. ऐकणारा विचारतो, केवढा? मी तळहात उघडून दाखवतो. तो एक पाऊल मागे सरकतो आणि मग हमखास दुसरा प्रश्न येतो, "आणि तो करतो काय?"

काही नाही. खरं उत्तर एवढंच आहे. दिवसाचा जवळजवळ सगळा वेळ ती (ती मादी आहे) एका जागी बसून असते. कधीतरी रात्री जागा बदलते आणि पुन्हा बसते.

ती मेक्सिकन रेड नी जातीची टॅरंटुला आहे. शास्त्रीय नाव ब्रॅकिपेल्मा हॅमोरी. काळंभोर अंग, पायांच्या सांध्यांवर केशरी पट्टे. तिच्या जातीचं मूळ गाव म्हणजे मेक्सिकोच्या पॅसिफिक बाजूचं कोरडं जंगल, म्हणजे तीही पश्चिम किनाऱ्याचीच. २०२१ साली पुण्यात, घरीच टॅरंटुलांची पैदास करणाऱ्या एका मुलाकडून मी ती घेतली. तेव्हा पाय आवळून बसली की ती सुपारीएवढी दिसायची. आमच्या घराला सुपारीची वाडी, म्हणून नाव सुपारी. हे नाव फोनवर मोठ्यानं घेऊ नये हे मला पुण्यातल्या रिक्षात कळलं. "सुपारी घेतली. हो, अजून जिवंत आहे. उद्या अलिबागला आणतो." रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही.

हा लेख तिच्या काही न करण्याबद्दल आहे. खरं तर माझ्याबद्दल आहे, कारण ती काही करत नाही तेव्हा अस्वस्थ मी होतो.

*

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस सुपारीनं खाणं सोडलं. मी पेटीत रातकिडा सोडला. तो तिच्या पायावर चढला, तर तिनं पाय उचलून त्याला वाट करून दिली. आठवड्यानं पुन्हा तेच. जून गेला. बंदरावरच्या होड्या पावसाळी मासेमारीबंदीसाठी वर ओढून ताडपत्रीखाली गेल्या. १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस. सुपारीही आपल्या बिळाच्या तोंडाशी मातीच्या ढेकळासारखी बसून राहिली.

मला वाचून सगळं माहीत होतं. कोळ्याचा सांगाडा अंगाच्या बाहेर असतो. वाढायचं तर तो उतरवावा लागतो, म्हणजे कात टाकावी लागते. त्याआधी आत नवं कवच तयार होत असतं आणि त्या काळात टॅरंटुला आठवडेच्या आठवडे, कधी महिनेच्या महिने खात नाही. या जातीच्या पोटावरचे केस झडून टक्कल पडलेलं असेल तर तिथली त्वचा हळूहळू काळी, चकचकीत होते. हे लक्षण सुपारीत दिसतही होतं. शिवाय आकाराच्या मानानं कोळ्यांना ऊर्जा फारच कमी लागते. भक्ष्यामागं धावायचं नाही, दारात बसून वाट पाहायची, ही त्यांची जगण्याची रीत. टॅरंटुला पाळणारे एकमेकांना जो सल्ला देतात तो सहसा असा असतो: ती बसून आहे, म्हणजे ठीक आहे. रात्रंदिवस काचेवर चढत असेल, येरझाऱ्या घालत असेल, तर मात्र बघ. पेटीतली ओल चुकली असेल, किंवा तो वयात आलेला नर असेल. नर वयात आला की बीळ सोडतो आणि मादीच्या शोधात फिरत सुटतो, आणि त्याचं आयुष्य मग थोडंच उरलेलं असतं. आपल्याला जी चैतन्याची खूण वाटते ती त्याच्या बाबतीत शेवटची धावपळ असते.

पण माहीत असणं वेगळं आणि सहन होणं वेगळं. मी रोज सकाळी ऑफिसच्या पहिल्या कॉलआधी चित्रकलेचा एक बारीक ब्रश घेऊन तिच्या मागच्या पायाला हलकेच लावायचो. ती पाय उचलायची, पुन्हा टेकवायची. ठीक. आजचा दिवस सुरू.

एक दिवस आईनं पाहिलं. "काय करतोयस?"

"जिवंत आहे का बघतोय."

"काल होती ना?"

"हो."

"रोप लावल्यावर मूळ धरलं का ते रोज उपटून बघतोस का?"

मी हसण्यावारी नेलं. पण ते वाक्य दिवसभर डोक्यात राहिलं. कारण टॅरंटुलाला डोळे आठ असले तरी नजर बेताची असते. तिचं जग पायांतून येतं. पायांवरचे केस आणि कवचातल्या सूक्ष्म चिरा जमिनीची, हवेची थरथर टिपतात. मी पेटीचं झाकण उघडणं ही तिच्यासाठी केवढी उलथापालथ असेल, आणि ब्रशचा स्पर्श काय असेल? कात टाकण्याची तयारी चालू असताना तिला त्रास देऊ नये, हेही मी वाचलेलं होतं. ती सुखरूप आहे ना हे पाहण्यासाठी मी रोज तिची सुखरूपता थोडी थोडी खर्च करत होतो. तो स्पर्श तिच्यासाठी नव्हताच. माझ्या दिवसाची सुरुवात बरी व्हावी म्हणून होता.

*

माझं पोट ज्या कामावर चालतं त्यात हा प्रश्न रोजचा आहे. शेकडो सर्व्हर एकत्र काम करत असतात. त्यातला प्रत्येक जण दर काही सेकंदांनी 'मी आहे' असा एक छोटा निरोप पाठवतो. या निरोपाला आम्ही हार्टबीटच म्हणतो. निरोप आला नाही तर ठरावीक वेळ थांबायचं, त्याला टाइमआउट म्हणतात. तेवढ्यात आला नाही तर तो सर्व्हर मेला असं धरून त्याचं काम दुसऱ्याला द्यायचं.

प्रश्न असा की निरोप न येण्याची कारणं दोन असू शकतात. सर्व्हर मेला, किंवा तो फक्त सावकाश चाललाय. बाहेरून दोन्ही अगदी सारखंच दिसतं. १९८५ साली मायकल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकल पॅटरसन यांनी एक सिद्धांत मांडला. तिघांच्या आद्याक्षरांवरून तो 'एफएलपी' म्हणून ओळखला जातो. निरोप किती वेळात पोचेल याला काहीच मर्यादा नसेल आणि एखादं जरी यंत्र बंद पडण्याची शक्यता असेल, तर सगळ्या यंत्रांचं एकमत होईलच अशी हमी देणारी ठरीव पद्धत असूच शकत नाही, हे त्यांनी गणितानं सिद्ध केलं. त्याच्या मुळाशी हीच अडचण आहे. संथ आणि मृत यांत बाहेरून फरक करता येत नाही.

मग आम्ही काय करतो? टाइमआउट ठेवतो. पण टाइमआउट म्हणजे ज्ञान नाही, तो निर्णय आहे. 'इतका वेळ वाट पाहिली, आता पुरे', एवढाच त्याचा अर्थ. माझ्या पहिल्या नोकरीत मी एकदा टाइमआउट फार कमी ठेवला. एक सर्व्हर मोठं काम करत होता, इतकं मोठं की निरोप पाठवायलाही त्याला सवड नव्हती. माझ्या प्रोग्रॅमनं त्याला मेलेला समजून मारलं आणि पुन्हा सुरू केलं. त्यानं काम पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा गप्प झाला. पुन्हा मारला. रात्रभर हे चाललं. सकाळी एका सीनियरनं लॉग बघून सांगितलं, "तो काम करत होता रे. तूच करू दिलं नाहीस."

आज मी विचार करतो तेव्हा वाटतं, टाइमआउट हे माझ्या सहनशक्तीचं माप होतं, त्याच्या तब्येतीचं नव्हतं. आणि ही सवय फक्त सर्व्हरपुरती राहत नाही. चॅटवर नावापुढचा हिरवा ठिपका राखाडी झाला की माणूस काम करत नाहीये असं आपण धरतो. निळ्या टिका आल्या आणि उत्तर आलं नाही की मनात काहीबाही येतं. विचार करत बसलेला माणूस आणि रिकामा बसलेला माणूस बाहेरून सारखेच दिसतात. म्हणून विचार करणाऱ्यालाही अधूनमधून माउस हलवावा लागतो.

न हलणं म्हणजे आत काही नसणं असं नाही, हे कोळ्यांच्या बाबतीतही हळूहळू कळतंय. २०२२ मध्ये जर्मनीतल्या कोन्स्टान्झ विद्यापीठातल्या डॅनिएला रॉसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उडी मारणाऱ्या कोळ्यांची पिल्लं रात्रभर कॅमेऱ्यात टिपली. पिल्लांचं कवच पारदर्शक असल्यामुळं डोळ्यांमागच्या नळ्या दिसतात. निश्चल लटकलेल्या पिल्लांच्या या नळ्या मधूनमधून झरझर हलत होत्या आणि त्याच वेळी पाय थरथरत होते. आपल्या स्वप्नांच्या झोपेसारखंच काहीतरी. त्यांना स्वप्नं पडतात असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण 'काही करत नाही' हे वाक्य किती घाईचं असू शकतं, ते कळतं.

*

इथं हा लेख संपवता आला असता. जो गप्प आहे त्याला गप्प राहू द्या, ढोसू नका, संथपणाचा आदर करा. अशा अर्थाचे रील्स दिवसाला दहा येतात. पण हा धडा कुठं उलटतो ते मी आमच्याच पडवीत पाहिलंय.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं. आमची वाडी दुपारच्या काही तासांत आडवी झाली. पोफळी काडीसारख्या मोडल्या, नारळ मुळासकट गेले. घराची निम्मी कौलं गेली आणि लाईट कित्येक दिवस नव्हती. त्या वाडीत आजोबांची साठ वर्षं होती. पहाटे साडेपाचला पंप सुरू करून पाटाचं पाणी या आळ्यातून त्या आळ्यात वळवणं, पडलेल्या सुपाऱ्या वेचणं, मग भिंग घेऊन पेपर वाचणं, हा त्यांचा दिवस होता.

वादळानंतर ते पडवीतल्या आरामखुर्चीत बसू लागले. सकाळी बसले की दुपारपर्यंत. कुणाला त्रास नाही, तक्रार नाही. येणारे-जाणारे म्हणायचे, "किती शांतपणे घेतलंय हो त्यांनी!" आम्हालाही तसंच वाटलं. जेवण कमी झालं, तर म्हटलं, वय झालं. पेपर उघडेनासे झाले, तर म्हटलं, डोळे थकले. मी तेव्हा नोकरीला लागून एक वर्ष झालेला, लॉकडाऊनमुळं घरी. त्यांच्या डोक्यावर माळ्यावर बसून मी दुसऱ्या खंडातल्या सर्व्हरचे हार्टबीट बघत असायचो.

दिवाळीनंतर त्यांना अलिबागला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हे म्हातारपण नाही, नैराश्य आहे. त्यांनी विचारलं, "असं किती दिवस चाललंय?" आम्ही चौघंही एकमेकांकडे बघत राहिलो. कुणालाच तारीख सांगता आली नाही. औषधं सुरू झाली. फेब्रुवारीत ते गेले. औषध आधी मिळतं तर जगले असते असा दावा मी करत नाही. पण ते सहा महिने त्यांना एकट्यानं काढावे लागले नसते, एवढं नक्की.

एक गोष्ट आईच्या लक्षात आली, तीही ते गेल्यावर. आरामखुर्ची नेहमी वाडीकडे तोंड करून असायची. वादळानंतर आजोबांनी ती फिरवून रस्त्याकडे केली होती. आम्ही रोज त्या खुर्चीशेजारून जात होतो.

म्हणजे चुका दोन आहेत. सुपारीच्या बाबतीत मी स्वस्थतेला मरण समजलो आणि तिला ढोसत राहिलो. आजोबांच्या बाबतीत आम्ही मरगळीला स्वस्थता समजलो आणि त्यांना सोडून दिलं. दोन्ही वेळा सोय आमचीच पाहिली गेली. ढोसल्यानं माझी काळजी मिटत होती, न ढोसल्यानं आमची वाचत होती.

*

मग ओळखायचं कसं?

रेवदंड्याला लागूनच चौल. तिथं भोवाळ्याच्या डोंगरावर दत्ताचं देऊळ आहे आणि मार्गशीर्षात दत्तजयंतीला मोठी जत्रा भरते. लहानपणी आजोबा मला पायऱ्या चढवत न्यायचे आणि दम लागला की बसून चोवीस गुरूंची गोष्ट सांगायचे. भागवताच्या अकराव्या स्कंधात एक अवधूत आपले चोवीस गुरू मोजून दाखवतो. याच स्कंधावर एकनाथांनी भागवत लिहिलं, ते १५७३ साली काशीत पूर्ण झालं. त्या चोवीसांत अजगर आहे आणि कोळीही आहे. अजगर पडून राहतो, समोर येईल ते खातो, म्हणून गुरू. कोळी आपल्यातून धागा काढतो, जाळं विणतो आणि पुन्हा गिळतो, म्हणून गुरू. म्हणजे यादीत कोळी 'करणारा' आणि अजगर 'न करणारा'. सुपारी घरात आल्यावर मला वाटलं, अवधूताला टॅरंटुला भेटली असती तर गुरू तेवीसच झाले असते. तिच्या एकटीत दोघं मावतात.

पण त्या गोष्टीतली खरी गंमत मला आता दिसते. या गुरूंपैकी बहुतेकांना आपण गुरू आहोत हे माहीतच नाही. अवधूतानं अजगराला उठवलं नाही, कोळ्याचं जाळं ओढून पाहिलं नाही. नुसतं पाहिलं. न ढोसता समजून घेता येतं, त्याचं हे जुनं उदाहरण.

आणि त्याच यादीत कबूतरही आहे. पारध्याच्या जाळ्यात पिल्लं सापडतात, त्यांच्यामागं आई जाते, मग बाप जातो. अवधूत त्यातून आसक्तीबद्दल धडा घेतो. लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं, "मग त्यानं जाळं का नाही सोडवलं?" ते म्हणाले, "तो संन्यासी होता, आपण नाही." तेव्हा मला ते उत्तर टाळल्यासारखं वाटलं. आता वाटतं, तेच बरोबर होतं. लांबून पाहणं संन्याशाला पुरतं. ज्यानं कुणाला पाळलंय, किंवा ज्याला कुणी वाढवलंय, त्याला जाळं कुठं आहे तेही बघावं लागतं.

*

ही गोष्ट मला आणखी एका ठिकाणी सापडली. ते ठिकाण म्हणजे सरकारी फॉर्म. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ज्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी सक्तीची झाली. रेड नी त्या यादीत आहे. २०२४ साली नियम आल्यावर मी परिवेश पोर्टलवर सुपारीची नोंद केली. प्राणी ताब्यात आहे ते कळवायचं, जन्म कळवायचा, मृत्यू कळवायचा. न हलण्याला अर्थातच रकाना नाही.

त्या निमित्तानं मी १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही वाचला. त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. ब्रिटनच्या २०२२ च्या प्राणी-संवेदना कायद्यात पाठीचा कणा नसलेल्यांपैकी खेकडे, कोळंबी, ऑक्टोपस आले, पण कोळी आला नाही. आपल्या जुन्या कायद्यात तो आधीपासून आहे. त्यातलं एक कलम पिंजऱ्याबद्दल आहे. प्राण्याला हालचालीची वाजवी संधी मिळणार नाही इतक्या छोट्या पिंजऱ्यात त्याला ठेवणं हा गुन्हा आहे.

मी तिथं अडकलो. हालचालीची संधी. कायदा हालचाल मागत नाही, संधी मागतो. ती हलते का, हा प्रश्नच नाही. तिला हलावंसं वाटलं तर हलता येईल का, हा प्रश्न आहे.

तेव्हा सुपारी एका छोट्या पेटीत होती, दोन बोटं कोकोपीट आणि एक पाण्याची वाटी. ती शांत बसायची आणि मी समाधानी होतो. मी तिला मोठ्या पेटीत हलवलं, वीतभर खोल माती भरली, कडेला अर्धी करवंटी पुरली. आठ दिवस ती काहीच करेना. नवव्या रात्री करवंटीखाली खणायला लागली. तोंडात मातीचे गोळे धरून बाहेर आणून टाकत होती. तीन रात्रींत बीळ झालं. मग ती त्याच्या तोंडाशी येऊन बसली आणि पुन्हा हलेनाशी झाली. पण या बसण्यात आणि आधीच्या बसण्यात फरक होता. तो तिच्याकडे बघून दिसत नव्हता. तिच्याभोवती बघितल्यावर दिसत होता. आधी बसण्यावाचून दुसरं काही शक्यच नव्हतं.

आजोबांच्या खुर्चीचंही तेच. चेहऱ्याकडे बघून आम्हाला शांतपणा दिसत होता. आजूबाजूला बघितलं असतं तर दिसलं असतं की पहाटे साडेपाचला उठून जायची जागाच उरलेली नाही. पोफळ लावली की फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात आणि समोर बसलेला माणूस ब्याऐंशी वर्षांचा आहे. न हलणाऱ्याच्या अंगावर त्याचं उत्तर लिहिलेलं नसतं. कुठल्या वाटा त्याच्यासाठी उघड्या आहेत आणि कुठल्या बंद झाल्या, हे बघावं लागतं.

याच मापानं मला स्वतःलाही मोजावं लागतं, आणि तिथं मी पुरता उतरत नाही. पेटी कितीही मोठी केली तरी तिच्या कडा मी ठरवल्या आहेत. म्हणून सुपारीनंतर दुसरी टॅरंटुला मी आणणार नाही. आपल्या सह्याद्रीतही टॅरंटुला आहेत, त्यांना पकडण्याचा तर प्रश्नच नाही. सुपारी मात्र आता आहे, आणि या जातीच्या माद्या वीस-पंचवीस वर्षं जगतात. तेवढी वर्षं ही माझी जबाबदारी आहे.

एवढा काळ लक्ष देणं म्हणजे काय, याचं एक उदाहरण मला धीर देतं. १९७४ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी झाकणवाल्या बिळात राहणाऱ्या कोळ्यांच्या एका वस्तीचा अभ्यास सुरू केला. प्रत्येक बिळाला क्रमांक दिला. त्यातली सोळा नंबरची मादी आयुष्यभर त्याच बिळात राहिली. बाई वर्षानुवर्षं तिथं जात राहिल्या, पुढं त्यांचं काम लिअँडा मेसन यांनी हाती घेतलं. २०१६ साली मेसन यांना सोळा नंबरच्या बिळाचं झाकण भोक पडलेलं दिसलं, बहुधा परजीवी गांधीलमाशीनं पाडलेलं. मादी गेली होती. वय ४३ वर्षं, माहितीतली सगळ्यात दीर्घायुषी कोळीण. ती गेल्याचं कळलं ते झाकणावरून, कारण चार दशकं कुणीतरी ते झाकण नीट पाहत आलं होतं. आम्हाला आमच्या घरातल्या खुर्चीची तारीख सांगता आली नव्हती.

*

आईनं हटकल्यानंतर मी ब्रश उचलून ठेवला आणि पेटीशेजारी वही ठेवली. रोज दोन ओळी. पोटाचा रंग, पाणी किती उरलं, बिळाच्या तोंडाशी जाळं आहे का, बसायची दिशा. पहिले काही दिवस हात शिवशिवायचा. मग सवय झाली.

श्रावणातल्या एका रात्री बाबांची हाक आली. लाईट गेली होती आणि ते टॉर्च घेऊन पेटीसमोर उभे होते. "गेली रे ती."

सुपारी बिळाबाहेर पांढऱ्या जाळ्याच्या गादीवर उताणी पडली होती. आठही पाय वर.

छातीत धस्स झालं, तरी वही आठवली. दोन दिवसांपासून गादी विणणं चालू असल्याची नोंद होती. आणि कोळ्याचे पाय कसे चालतात ते माहीत होतं. मुख्य सांधे मिटायला त्यांच्याकडे स्नायू असतात, पण ते ताठ करायला नसतात. ते काम अंगातल्या द्रवाचा दाब करतो. कोळी मेला की दाब जातो आणि पाय पोटाखाली आवळले जातात. सुपारीचे पाय मोकळे पसरलेले होते. उताणी पडलेली टॅरंटुला बहुतेक वेळा कात टाकत असते. हे माहीत नसल्यामुळं कित्येकांनी जिवंत टॅरंटुला फेकून दिल्या असतील.

"मेली नाहीये बाबा. कात टाकतेय."

"मग आता काय करायचं?"

"काही नाही."

बाबांनी प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि बसले. मी जमिनीवर. टॉर्च भिंतीकडे वळवून ठेवला. तासाभरानं पाठीवरचं कवच झाकणासारखं सुटलं. मग एकेक पाय, घट्ट हातमोज्यातून बोट काढावं तसा, जरा ओढायचा, थांबायचं, पुन्हा ओढायचा. ती थांबली की वाटायचं, अडकली. दोनदा माझा हात झाकणाकडे गेला. दोनदा बाबा म्हणाले, "थांब." पहाटे तीनच्या सुमारास ती मोकळी झाली. फिकट, ओलसर, सुळे पांढरेशुभ्र. शेजारी तिची पूर्ण आकाराची कात. सकाळी आई झाडायला आली आणि किंचाळली, "अरे, दोन झाल्या!"

सुळे काळे पडून कडक होईपर्यंत तिला खायला देता येत नाही. अकराव्या दिवशी रातकिडा सोडला आणि तो जमिनीला टेकतो न टेकतो तोच तिच्या तोंडात होता. त्यानंतर ती पुन्हा बिळाच्या तोंडाशी जाऊन बसली. काल रात्रीची नोंद अशी आहे: 'हलली नाही. पाणी भरलं.'

वादळानंतर लावलेल्या पोफळींना यंदा पहिल्यांदा फळ धरलंय. बाबा निवृत्त झालेत आणि संध्याकाळी आजोबांच्या आरामखुर्चीत तासतासभर काही न बोलता बसतात. मी खाली उतरतो तेव्हा आधी खुर्चीचं तोंड कुठं आहे ते बघतो. वाडीकडे असतं. तरी मी दोन कप चहा टाकतो आणि शेजारी जाऊन बसतो. कधी ते बोलतात, कधी नाही.